गळतीवर कथालेखनाचा उपाय

साहित्यामुळे समाज बदलतो की नाही, यावर मोठमोठ्या माणसांचे वाद झालेले आहेत. मी त्यात पडत नाही. माझी साहित्याकडून अपेक्षा अगदी माफक होती. वरच्या मजल्यावरच्या हेमालीच्या बाथरूममधून आमच्या बाथरूममध्ये जे पाणी गळतं, ते साहित्याने थांबवावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आम्ही मीरा रोडला हाटकेश भागात 'मधुछाया' सोसायटीत राहतो. आमच्या बिल्डरने इमारत बांधताना कुठलीच गोष्ट सरळ रेषेत आणली नाही, पण ही गळती मात्र त्याने इतकी नेमकी साधली की थेंब बरोबर कमोडवर बसलेल्या माणसाच्या टाळूवर पडावा. माझ्या टाळूवर केस असते तर मी कदाचित इतका हळवा झालो नसतो. शेवटी मी छत्री घेऊन बसायला लागलो. भर उन्हाळ्यात सकाळी एका हातात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन बाथरूमकडे निघालेल्या माणसाला घरात काय मान राहतो, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. उर्मिला, म्हणजे माझी पत्नी, सुरुवातीला निदान तोंड वळवून हसत असे. पुढे तिने तेवढंही सौजन्य ठेवलं नाही.

मी स्वस्थ बसलो होतो असं नाही. उभी हयात एका सहकारी बँकेच्या पत्रव्यवहार खात्यात काढली आहे. स्मरणपत्र कसं लिहावं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आधी नम्र मेसेज टाकला, मग नम्र पण ठाम, मग ठाम पण नम्र, आणि शेवटी नुसताच ठाम. प्रत्येक वेळी हेमालीचं उत्तर एकच यायचं, "जी अंकल, देखती हूँ," आणि पुढे जोडलेले हात. शिवी दिली असती तर मी तिला पुरून उरलो असतो. जोडलेल्या हातांशी भांडायचं कसं, हे बँकेत शिकवलेलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. मीरा रोडला पाणी कमी येतं, पण सल्ल्याची टंचाई कधी नसते. तळमजल्यावर जिम चालवणारा विकी म्हणाला, "अंकल, टेरेसवर जायचं, त्यांचा वॉल्व्ह बंद करायचा, सिंपल." समोरच्या सलोनीने आमच्या बाथरूमची दिशा मोबाईलवर मोजली आणि ईशान्येला पाणी पडणं फार शुभ असतं, चुकूनही थांबवू नका, असं बजावलं. आमचे सेक्रेटरी राघो पाटील मूळचे उत्तनचे. नियमाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. ते म्हणाले, "परुळेकर, हा दोन मेंबरांचा आपसातला मामला हाय. सोसायटीला यात पडता येत न्हाय. सोसायटी फकस्त सहानुभूती देल." आणि पुढच्या बैठकीत त्यांनी ती खरोखर ठराव करून दिली.

अशा वेळी संचिता आमच्याकडे जेवायला आली. संचिता उर्मिलेची भाची, राहते बेव्हर्ली पार्कला, आणि लघुकथेच्या कार्यशाळा घेते. लेखक बनवण्याच्या नव्हेत. लोक तिथे येऊन आपली अडचण गोष्टीत लिहितात, वाचतात आणि हलके होऊन घरी जातात. मी तिला म्हटलं, अडचण आहे तर तक्रार करावी, गोष्ट कसली लिहायची? ती म्हणाली, "काका, माणसाला जे तोंडावर बोलता येत नाही ना, ते गोष्टीत लिहिता येतं."

ती हे अगदी निष्पापपणे बोलली. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. मी गळतीची कथा लिहिली, ती भर हॉलमध्ये वाचली आणि समोर हेमाली बसलेली असली, तर जोडलेले हात किती वेळ टिकतील? मी संचिताला म्हटलं, आमच्या सोसायटीतही अशी कार्यशाळा झाली पाहिजे, लोकांची फार घुसमट होतेय. तिला भरून आलं. माझा हेतू तिने विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

आता हॉल मिळवायचा होता. हॉलच्या अर्जात कार्यक्रमाचे प्रकार छापलेले आहेत: साखरपुडा, वाढदिवस, सत्यनारायण, योगा, बैठक. कथालेखन कशात बसवायचं, यावर राघो पाटलांनी बराच वेळ विचार केला.

"लोक बसून वाचणार ना? मंग ती बैठकच झाली," ते म्हणाले. "आन बैठक म्हटली का मिनिट्स आले. मी सोता लिहिणार."

"कथेचे मिनिट्स?" मी म्हटलं.

"कथेला पण सूचक लागल, अनुमोदक लागल. त्याबिगर मंजूर कशी व्हायची?"

मी मान डोलावली. इथे माझी चूक झाली, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी हॉल भरला. संचिताने सांगितलं होतं की आपलीच गोष्ट लिहा, पण थोडा पडदा ठेवा, नावंगावं बदला. लोकांनी तो पडदा आपापल्या ऐपतीप्रमाणे ठेवला. विकीने एका सिंहाची गोष्ट लिहिली होती. सिंहाच्या झाडाखालच्या जागेवर रोज एक पांढरं गाढव येऊन उभं राहतं, आणि विकीने त्या गाढवाचा आरटीओ नंबरही वाचून दाखवला. सगळ्यांनी मागे वळून गाडीच्या मालकाकडे पाहिलं. सलोनीची कथा एका गरीब सुनेची आणि तिला छळणाऱ्या चेटकिणीची होती. तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. सर्वांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या, कारण त्यांना ती गोष्ट स्वतःच्या सासूची वाटली.

मग मी उठलो. माझ्या कथेचं नाव 'गळका महाल'. राजा उत्तमसेन, सुस्वभावी, प्रजेचा लाडका. त्याच्या महालाच्या वर एक राक्षसीण राहते. ती सकाळी अंघोळ करते, दुपारी अंघोळ करते, संध्याकाळी अंघोळ करते, आणि ते पाणी राजाच्या मुकुटावर पडतं. मी आवाजाचे चढउतार घरी आरशासमोर बसवले होते. वाचून झाल्यावर मी हेमालीकडे पाहिलं. ती शेवटच्या रांगेत बसून मन लावून ऐकत होती. तिने टाळ्या वाजवल्या.

"सूचक कोण?" राघो पाटलांनी विचारलं.

कोणीच हात वर करेना. उलट संचिता म्हणाली, "काका, राजा छान उतरलाय. पण राक्षसीण इतकी अंघोळ का करते? तिचं काही कारण असेल ना?"

"राक्षसिणीला कारण लागत नाही," मी म्हटलं.

"उष्णता असेल बिचारीला," सलोनीच्या सासूबाई म्हणाल्या. झालं. हॉल एकदम राक्षसिणीच्या बाजूने झाला. कोणी म्हणालं, राजाने खालून वॉटरप्रूफिंग का करून घेतलं नाही? कोणी म्हणालं, मुकुट घालून बाथरूममध्ये जायचंच कशाला? शेवटी माझी कथा दुरुस्तीसह मंजूर झाली, आणि त्या दुरुस्तीत राजा राक्षसिणीची माफी मागत होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मिनिट्स आले: 'राजा उत्तमसेन यांची तक्रार ऐकून घेण्यात आली. सदर महाल सोसायटीच्या हद्दीत नसल्याने कार्यवाही नाही. राजाने वरच्या मजल्याशी परस्पर संपर्क साधावा.' उर्मिलेने ते भाजीवाल्यालाही वाचून दाखवले.

थेंब पडतच होता.

पुढच्या रविवारी संचिताने गृहपाठ दिला. ज्या माणसाचा आपल्याला राग येतो, तो माणूस आपण व्हायचं आणि 'मी' म्हणून त्याची गोष्ट लिहायची. मी कोण होणार हे विचारायचीही गरज कोणाला वाटली नाही. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून हेमाली उठली आणि म्हणाली, "मैं अंकल बनूँगी." लोक इतके हसले की राघो पाटलांना दोनदा टेबल वाजवावं लागलं.

मी मात्र खूश होतो. आता बाई आयती हातात सापडली होती. 'मी हेमाली' ही कथा मी एका बैठकीत उतरवली. त्यातली मी सकाळी उठते, जमिनीला कान लावून खाली अंकल बाथरूममध्ये गेले का याची खात्री करून घेते, मग खदाखदा हसते आणि नळ सोडते. मी ती उर्मिलेला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यात हेमाली कुठाय? हे तुम्हीच आहात. नुसता गाऊन घातलाय." उर्मिलेला साहित्यातलं कळत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी ग्रुपवर टाकून दिलं: येत्या रविवारी परुळेकर वाचणार, 'मी हेमाली', अवश्य यावे.

रविवारी आधी हेमालीचा नंबर लागला. ती मोबाईलवरून वाचत होती.

"मेरा नाम उत्तम है. मैं सुबह छाता लेकर बैठता हूँ."

सगळा हॉल हसत सुटला. छत्रीची बातमी वर कशी पोचली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. उर्मिला आणि हेमाली एकाच लिफ्टने येतात-जातात.

"मैं रोज़ एक मेसेज लिखता हूँ. बहुत अच्छी भाषा में. फिर बार-बार देखता हूँ कि किस-किस ने पढ़ा. मैं पहले ऑफिस में लेटर लिखता था, तो जवाब आता था. अब कोई जवाब नहीं देता. सिर्फ हेमाली देती है."

या वाक्याला कोणी हसलं नाही. मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"एक दिन मैं सीढ़ी चढ़कर ऊपर जाता हूँ. बेल बजाता हूँ. दरवाज़ा खुलता है." एवढं वाचून तिने मोबाईल खाली ठेवला.

"मग पुढे?" संचिताने विचारलं.

"पता नहीं मैडम. अंकल कभी ऊपर आए नहीं. इसलिए आगे का मालूम नहीं."

माझं वाचन व्हायचं होतं, पण तेवढ्यात दारात फुगे आणि केक घेऊन वाढदिवसवाले उभे राहिले. त्यांचं बुकिंग 'वाढदिवस' या सदरात रीतसर झालेलं असल्याने बैठक तहकूब झाली. 'मी हेमाली' पुढच्या रविवारवर गेली.

एका मजल्याच्या पायऱ्या चढायला किती वेळ लागतो? मला तर आख्खा आठवडा लागत होता. बोलावल्याशिवाय आपण कोणाकडे जात नाही, हा माझा बाणा आहे. आणि ती तर मला भर हॉलमध्ये बोलावून मोकळी झाली होती, हे त्याहून वाईट. शेवटी मी स्वतःला समजावलं की लेखकाने लिहिण्यापूर्वी स्थळपाहणी करायलाच हवी. मी तक्रारदार म्हणून जात नव्हतो, अभ्यासक म्हणून जात होतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून वर गेलो आणि बेल वाजवली.

दार हेमालीने उघडलं. तिचा नवरा निकेत कामासाठी सुरतला असतो, हे मला माहीत होतं. आत सोफ्यावर बा बसल्या होत्या, तिच्या सासूबाई. बांना आमच्या सोसायटीत ओळखत नाही असा माणूस नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हा ही बाई बिल्डरच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसली होती आणि लिफ्ट सुरू झाल्यावरच उठली होती. राघो पाटीलसुद्धा त्यांना घाबरून असत. अलीकडे बऱ्याच दिवसांत त्या खाली दिसल्या नव्हत्या. गुडघे दुखत असतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"आवो," बा हसून म्हणाल्या. मग हेमालीकडे वळून हळूच विचारलं, "कोण छे आ भाई?"

बांनी माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाढलेलं आहे.

"बा, परुळेकर अंकल. नीचे वाले," हेमाली म्हणाली. बांनी मान हलवली आणि उठल्या. "मारे न्हावानुं बाकी छे," असं म्हणत बाथरूमकडे चालू लागल्या. त्यांचे केस ओलेच होते.

आतून पाण्याचा आवाज यायला लागला तेव्हा हेमाली बोलली. बांना आता काही लक्षात राहत नाही. अंघोळ केली हेही राहत नाही. दिवसातून चार-पाच वेळा त्या अंघोळीला जातात, आणि तेवढाच वेळ शांत असतात. प्लंबर येऊन गेला होता. फरशी फोडायची, बाथरूम बरेच दिवस बंद ठेवायचं, असं म्हणाला. घरात बाथरूम एकच. बांना भाईंदर पश्चिमेला नणंदेकडे नेऊन बघितलं, तर तिथलं बाथरूम बघून त्या रडायलाच लागल्या. हे माझं घर नाही, मला घरी सोडा, म्हणून दारात बसून राहिल्या.

"तो मैं क्या करती अंकल?" हेमाली म्हणाली. "ग्रुप पे क्या लिखती? बा को सबने शेरनी जैसा देखा है. मुझे नहीं चाहिए कि लोग उनको बिचारी बोलें."

मला फार वाईट वाटलं. हेमालीचं वाटलं, बांचं वाटलं, आणि थोडं खिशातल्या त्या कथेचंही वाटलं, कारण तिच्यात खदाखदा हसण्याला मी आख्खा परिच्छेद दिला होता.

बा बाहेर आल्यावर मी गळतीची जागा बघायला आत गेलो. दिवा लावायला हात भिंतीवर गेला तो न बघता बरोबर बटणावर पडला. वर बघतो तर गुलाबी टाइल्स आणि त्यांवर उड्या मारणारे निळे डॉल्फिन. बिल्डरने साऱ्या इमारतीत लावलेले हेच ते डॉल्फिन. बाकी लोकांनी ते कधीच काढून टाकले. आमच्याकडे मी काढू दिले नव्हते, आणि त्यावरून उर्मिलेने माझ्या सौंदर्यदृष्टीबद्दल बोलायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

मी खाली येऊन तिला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल बाजूला ठेवला. "त्यांना इकडे आणू अंघोळीला," ती म्हणाली. "तेच बाथरूम, तिथेच नळ, तेच डॉल्फिन. त्यांना कळणारसुद्धा नाही घर बदललंय ते." मग टॉवेल पुन्हा उचलून म्हणाली, "आणि कोणाला सांगू नका. तुम्हाला ग्रुपवर लिहायची सवय आहे, म्हणून सांगतेय."

प्लंबरने सोमवारपासून यायचं कबूल केलं. पण त्याआधी रविवार यायचा होता.

हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. माझी जाहिरात मलाच नडली. विकी जिम बंद ठेवून आला होता. सलोनीच्या सासूबाईंनी पुढची खुर्ची धरली होती. हेमाली शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहिलो. कथा खिशातच होती.

"मी लिहिलेली नाही," मी म्हटलं.

"अंकल, पलटी मारली," विकी म्हणाला.

"आरं, पन जाहिरात केलीत ना?" राघो पाटील म्हणाले. "वर गेलेलात असं पन कळलं. काय बघितलंत मंग?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. सांगण्यासारखं इतकं कधीच माझ्याकडे नव्हतं, आणि ऐकायला इतके लोकही कधी नव्हते.

"काही नाही. सुचलं नाही," मी म्हटलं आणि खाली बसलो.

संचिताने मला एकही प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी ग्रुपवर मिनिट्स आले: 'श्री. परुळेकर यांना सुचले नाही. सबब विषय बंद.' एका माणसाची पत्रव्यवहारातली उभी हयात राघो पाटलांनी एका ओळीत निकालात काढली. त्याखाली कितीतरी अंगठे आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

सोमवारी सकाळी वर हातोडा सुरू झाला, आणि हेमाली बांचा हात धरून त्यांना खाली घेऊन आली. उर्मिलेने दार आधीच उघडून ठेवलं होतं. बा आमच्या घरात शिरल्या, कोणाला काही न विचारता सरळ पॅसेजमधून वळल्या आणि बाथरूमचं बटण दाबलं. डॉल्फिन बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. हेमालीने डोळे पुसले. मी अंघोळीला निघालो होतो तो टॉवेल खांद्यावर घेऊन बाजूला झालो.

वर पाणी बंद केलं तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी उतरायला काही दिवस लागतात, असं प्लंबरने सांगितलं होतं. बा आत पाऊल टाकतात तोच एक थेंब त्यांच्या डोक्यावर पडला. त्या थांबल्या. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बिल्डरच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसलेली बाई क्षणभर परत आली.

"उपर कोण रहे छे?" त्यांनी विचारलं.

हेमालीने उर्मिलेकडे पाहिलं. उर्मिलेने माझ्याकडे पाहिलं.

"एक फॅमिली है, बा," मी म्हटलं.

"आटलुं पाणी पडे छे ने तमे चूप बेठा छो? जईने कहो एमने."

"मैं गया था, बा. बहुत अच्छे लोग हैं."

बांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून खात्री करून घेतली.

"अच्छा माणस छे, तो पछी फरियाद शेनी?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मी टॉवेल मांडीवर घेऊन, माझा नंबर येईपर्यंत, बाहेर खुर्चीवर बसून राहिलो.